उत्तर आलं नाही, एवढंच कळलंय

ताई,

पदवी मिळून चौदा महिने झाले. आतापर्यंत १६३ अर्ज केले, वहीत सगळ्यांची नोंद आहे. ११ ठिकाणांहून नकार आला, ४ ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोहोचले. उरलेल्या १४८ ठिकाणांहून काहीच नाही. त्या चारांतल्या एका ठिकाणी सध्या सहा महिन्यांच्या करारावर आहे. काम डेटा भरण्याचं. वरच्या मॅडम रात्री मेसेज करतात, मी सविस्तर उत्तर देते आणि त्यांच्याकडून येतं, 'ओके.' पूर्णविरामासकट. मग माझं काय चुकलं, यावर मी तासभर विचार करत बसते.

वर्गाच्या ग्रुपवर रोज कुणाचं तरी अभिनंदन चालू असतं. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने नव्या नोकरीची पोस्ट टाकली. मी खाली लिहिलं, 'काही जणांना सगळं आयतं मिळतं बाई!' मला गंमत करायची होती, निदान मला तसं वाटलं. ती काहीच बोलली नाही, पण बाकीच्यांनी झोडपलं. स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर फिरला. मी कमेंट काढून टाकली आणि ग्रुप सोडला. आता कुठेच काही लिहीत नाही, पण रात्री दीड-दोनपर्यंत बघत मात्र असते. घरी कुणी आलं की 'सध्या काय?' विचारतात, म्हणून मी खोलीतून बाहेर येत नाही. ऑनलाइन एकाने घरबसल्या रिव्ह्यू लिहायचं काम देऊ केलंय, आधी थोडे पैसे भरायचे आहेत. घेऊ का? सगळी अकाउंट्स बंद करून टाकू का? माझ्यातच काही कमी आहे का?

कृपया नाव छापू नका.

*

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. नवव्या दिवशी तुझा दुसरा मेल आला, एका ओळीचा: 'माझा प्रश्न फारच किरकोळ असावा, राहू द्या.' तो वाचून मला खरंच वाईट वाटलं. तुझं पत्र मी आलं त्याच दिवशी वाचलं होतं. छापून घेतलं होतं, समासात खुणा केल्या होत्या, आणि दोनदा उत्तर लिहून रद्द केलं होतं. पहिल्यात उपदेश फार झाला होता. दुसऱ्यात नुसताच धीर होता, कामाचं काही नव्हतं. माझ्या टेबलावर हे सगळं चाललं होतं आणि तुझ्यापर्यंत त्यातलं काही पोहोचत नव्हतं. तिकडे तू त्या नऊ दिवसांचा अर्थ लावून मोकळी झालीस, आणि तो लावलास स्वतःच्या विरुद्ध.

मग मी तुझं पत्र पुन्हा काढलं आणि यावेळी वेगळ्या रंगाने खुणा केल्या. १४८ कंपन्या गप्प. मॅडम एका शब्दापुरत्या बोलतात, म्हणजे जवळपास गप्पच. मैत्रीण गप्प. या प्रत्येक गप्प बसण्यावर तू एकच शिक्का मारला आहेस: मी कमी पडले. नोकरी, ऑफिस आणि मैत्रीण हे तुला तीन प्रश्न वाटतात. मला त्यांत एकच सवय दिसते, म्हणून सगळ्याचं उत्तर एकत्रच लिहिते.

आधी त्या १४८ बद्दल.

हे सदर सुरू करण्याआधी मी चार वर्षं एका कंपनीच्या भरती विभागात काम केलं आहे. अर्जांचं पुढे काय होतं ते मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय. जाहिरात लागली की पहिल्या दोन दिवसांत अर्जांचा ढीग यायचा. सगळी नावं एका एक्सेलच्या शीटमध्ये, आलेल्या वेळेप्रमाणे. मी वरून वाचत जायची. मुलाखतीला बोलवण्यासारखी दहा-बारा नावं हाताशी आली की साहेब म्हणायचे, 'पुरे, यांना बोलवा.' मी शीट बंद करायची. त्या खालच्या ओळींतल्या माणसांमध्ये काय कमी होतं, असं मला आज कुणी विचारलं तर सांगता येणार नाही, कारण त्यांचे अर्ज मी उघडलेच नव्हते.

एकदा तर जागाच रद्द झाली. वरून निरोप आला की या वर्षी खर्च नको. जाहिरात मात्र पोर्टलवरून काढायची राहून गेली आणि पुढे पाच आठवडे लोक अर्ज करत राहिले. त्यांतल्या कुणी तरी तुझ्यासारखीच वही घालून बसलं असेल. त्या लोकांना दोन ओळींचा मेल पाठवावा, हे मला तेव्हा सुचलं नाही, याची आज लाज वाटते. काही जागा अशाही होत्या, ज्यांच्यासाठी आतलाच माणूस ठरलेला होता. नियम म्हणून जाहिरात दिलेली. हे अन्यायाचं आहे आणि ते मी झाकणार नाही. पण अन्यायाचं असणं वेगळं आणि तुझ्याबद्दल काही सांगणं वेगळं. न उघडलेला अर्ज तुझ्याबद्दल काहीही सांगत नाही.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने कर. ज्यांनी काही ना काही उत्तर दिलं, अशी ठिकाणं १५. त्यांतल्या ११ नकारांतलेही काही यंत्राने आपोआप धाडलेले असतील. उरलेल्या चौघांनी मात्र तुझा कागद नक्की वाचला, आणि वाचून तुला बोलावलं. एकाने कामही दिलं. याला मी तुझ्या बाजूचा पुरावा म्हणेन. फार मोठा नाही, पण उगाच धीर देण्यासाठी सांगतेय असाही नाही.

अर्जाच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी पटकन सांगून पुढे जाते. पुष्कळ ठिकाणी तुझा सीव्ही माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम, चौकटी, चित्रं, टक्केवारीच्या पट्ट्या यांत त्याची गल्लत होऊ शकते आणि तुझा अनुभव भलत्याच रकान्यात जाऊन बसतो. म्हणून साधा, एका कॉलमचा सीव्ही ठेव. जाहिरातीत कामासाठी जो शब्द वापरला आहे, तो तुला खरोखर येत असेल तर तोच शब्द वापर. आणि जाहिरात ताजी असतानाच अर्ज कर. वरच्या ओळीत असण्याचं मोल किती, ते मी आत्ताच सांगितलं. शिवाय 'डेटा भरते' असं मुळीच लिहू नकोस. तू दिवसभर नेमकं काय करतेस? दोन याद्या ताडून दुबार नावं काढतेस, चुकीच्या तारखा पकडतेस, कुणाकडून माहिती आलेली नाही त्याचा पाठपुरावा करतेस. ते लिही. रोज ऑफिसातून निघताना एक ओळ टिपून ठेव: आज काय हाताळलं, किती नोंदी, काय सापडलं. महिन्याभराने सीव्हीसाठी शब्द शोधत बसावं लागणार नाही.

पण माझं मन खरं अडकलंय ते दुसऱ्याच गोष्टीत. १६३ अर्ज तू अशा माणसांकडे पाठवलेस, ज्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही. आणि याच काळात, ज्यांनी तुला थोडंफार पाहिलं आहे, त्यांच्यापुढे तू दार लावून घेतलंस. ग्रुप सोडलास. घरी कुणी आलं की खोलीत जाऊन बसतेस.

यावर एक जुनं संशोधन आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना गाठलं. ज्यांना ओळखीतून नोकरीची खबर लागली होती, त्यांना त्याने विचारलं की खबर देणाऱ्या माणसाला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होतात? आपल्याला वाटेल, जिवाभावाचे मित्र कामी आले असतील. १९७३ साली छापून आलेल्या त्याच्या निबंधातले आकडे वेगळंच सांगतात. नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले जेमतेम १७ टक्के होते. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळालेले साधारण ५६ टक्के. आणि उरलेल्या सुमारे २८ टक्क्यांना ती अशा माणसाकडून मिळाली होती, जो वर्षातून एकदा भेटला तर भेटला. कारण साधं आहे. रोजची माणसं तुझ्याच वर्तुळातली. तुला जे ठाऊक, तेच त्यांना ठाऊक. दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो तो कधीतरी भेटणारा माणूस. जवळपास पन्नास वर्षांनी, २०२२ मध्ये, लिंक्डइनच्या २ कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. तिथेही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मधल्या ओळखी: अगदी जवळच्याही नाहीत आणि पुरत्या परक्याही नाहीत.

आता तुझ्या घरी येणारी, 'सध्या काय?' विचारणारी ती माणसं डोळ्यांपुढे आण. वर्ष-सहा महिन्यांनी येणारी आत्या, वडिलांचे जुने सहकारी, शेजारच्या काकू. ही सगळी माणसं नेमकी त्याच मधल्या ओळखीची आहेत. मी असं म्हणत नाही की ती नोकरी घेऊन आली आहेत. तो प्रश्न टोचतो हेही मला मान्य आहे. काही जण तो टोचावा म्हणूनच विचारतात. पण बरेच जण तो विचारतात, कारण तुझ्या वयाच्या माणसाशी बोलायला त्यांच्यापाशी दुसरा विषयच नसतो. तो तू दे. दोन वाक्यांचं उत्तर आधीच ठरवून ठेव: 'सध्या एका ऑफिसात करारावर आहे, माहिती ताडून बघण्याचं काम करते. पुढे अहवाल आणि विश्लेषणाच्या कामात जायचंय. तुमच्या ओळखीत असं काम करणारं कुणी आहे का, मला त्यांच्याशी थोडं बोलायचं होतं.' एवढंच. यात लपवण्यासारखं काही नाही आणि गयावया करण्यासारखंही नाही. दहांपैकी आठ जण 'बघतो' म्हणून विसरतील. दोघं एखादं नाव सांगतील, आणि ते नाव पोर्टलवर सापडलं नसतं.

जी माणसं घरी येत नाहीत त्यांना लिहावं लागेल. वहीत नवं पान घे आणि दहा नावं काढ. कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेली सीनियर, प्रकल्पाच्या वेळी मदत केलेले कुणी, त्या तीन मुलाखतींपैकी जिथे माणूस नीट बोलला होता ती मुलाखत घेणारी व्यक्तीसुद्धा. तुला सुरुवात कशी करायची कळणार नाही म्हणून एक नमुना देते.

'नमस्कार. प्रकल्पाच्या वेळी आपलं दोनदा बोलणं झालं होतं. तुम्ही मला नोंदी ठेवायची पद्धत समजावली होती, ती मी अजून वापरते. सध्या मी डेटा हाताळण्याच्या कामात आहे आणि पुढे विश्लेषणाकडे वळायचं आहे. तुमच्या विभागात नवीन माणूस घेताना नेमकं काय पाहतात, हे मला फोनवर पंधरा मिनिटं विचारता येईल का? पुढच्या आठवड्यात तुमच्या सोयीने कधीही.'

बघ, यात नोकरी मागितलेली नाही. नोकरी मागितली की समोरचा अवघडतो, कारण ती देणं बहुतेकांच्या हातात नसतं. माहिती देणं प्रत्येकाच्या हातात असतं, आणि आपल्याला कुणी काही विचारलं की बहुतेकांना बरंच वाटतं. जुनी ओळख ताजी करणारी एक खरी आठवण आहे, वेळ किती लागेल ते सांगितलंय, आणि 'हो' म्हणायला सोपं जाईल असा प्रश्न आहे. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण कर. तरी नाही आलं तर पुढच्या नावाकडे वळ. त्या नावासमोर वहीत 'नकार' लिहू नकोस. 'उत्तर नाही' लिही. दोन्हींचे रकाने वेगळे ठेव, अर्जांच्या यादीतसुद्धा.

आता त्या 'ओके.' कडे येते.

तुझ्या पत्रातला हा भाग वाचताना मला माझीच पहिली नोकरी आठवली. माझे साहेब मेलला फक्त 'पाहिलं' असं उत्तर द्यायचे, आणि मी त्यातून राग, नाराजी, तुच्छता, सगळं वाचून काढायची. पुढे कळलं की ते सगळ्यांनाच तसं लिहायचे, स्वतःच्या भावालासुद्धा. २००५ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी यावर एक सुरेख प्रयोग छापला. काही लोकांना वाक्यं दिली: काही गंभीरपणे सांगायची, काही उपरोधाने. कुणी ती मेलवर पाठवली, कुणी आवाजात सांगितली. ऐकणाऱ्याने ओळखायचं, यात उपरोध आहे की नाही. पाठवणाऱ्यांना खात्री होती की मेल असो वा आवाज, शंभरातल्या ७८ वेळा तरी समोरच्याला बरोबर कळेल. आवाजात ७३ वेळा कळलं. मेलवर ५६ वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० वेळा बरोबर आलं असतं.

म्हणजे मॅडमच्या 'ओके.' मध्ये राग आहे की झोप, हे त्या अक्षरांतून तुला कळूच शकत नाही. तासभर विचार केलास तरी कळणार नाही, कारण ती माहिती त्यात नाहीच. ती मॅडमकडे आहे. तेव्हा दिवसा, समोरासमोर, त्यांची घाई नसताना विचार: 'मॅडम, रात्री तुमचा मेसेज आला तर त्याच वेळी उत्तर अपेक्षित आहे, की सकाळी आल्यावर दिलं तरी चालेल?' हा आगाऊपणा नाही. पुष्कळ वरिष्ठ रात्री मेसेज टाकतात, कारण सकाळपर्यंत आपण विसरू अशी त्यांना भीती असते. 'सकाळी चालेल' असं उत्तर आलं तर तुझ्या रात्री मोकळ्या झाल्या. 'लगेच हवं' असं आलं तर निदान कळलं, मग कुठले मेसेज खरंच तातडीचे ते ठरवून घेता येईल. आणि चौथा महिना संपायच्या आत आणखी एक प्रश्न विचार: करार वाढण्याची शक्यता आहे का, आणि वाढवायचा झाला तर माझ्या कामात काय सुधारायला हवं? शेवटच्या आठवड्याची वाट बघू नकोस. अनुभवाचं पत्रही तिथे असतानाच मागून घे. बाहेर पडल्यावर ते मिळवणं जड जातं.

आता मैत्रीण. इथे मला तुझ्याशी थोडं स्पष्ट बोलायचंय, आणि मायेनेच बोलतेय.

जो नियम मॅडमच्या 'ओके.' ला लागू, तोच तुझ्या कमेंटलाही लागू. तुझ्या डोक्यात ती ज्या आवाजात वाजली, तो आवाज मैत्रिणीला ऐकू गेला नाही. तिला फक्त शब्द मिळाले. पण तूच लिहिलं आहेस, 'निदान मला तसं वाटलं.' ते वाक्य तू खोडलं नाहीस याचं मला बरं वाटलं, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य तेच आहे. गंमत होती, आणि तिच्याखाली जळजळही होती. चौदा महिने थांबलेल्या माणसाला जळजळ होणं मी दोष मानत नाही. मात्र 'आयतं' हा शब्द लागतो. त्या शब्दाने समोरच्याची सगळी मेहनत पुसली जाते. तिनेही कदाचित दोनशे अर्ज केले असतील. ते कुणी पोस्ट करत नाही.

तेव्हा तिला फोन कर. मेसेज नको, कारण तू गोड शब्दांत लिहिलेली माफीसुद्धा ती कुठल्या आवाजात वाचेल ते तुला माहीत नाही. फोनवर एवढंच म्हण: 'तुझ्या पोस्टखाली मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. माझं मला काही जमत नव्हतं, त्याचा राग तुझ्यावर निघाला. तुझ्या नोकरीचा मला आनंद व्हायला हवा होता, तो मी तेव्हा दाखवला नाही. सॉरी.' मग थांब. गंमत कशी होती ते समजावू नकोस. बाकीच्यांनी तुला किती झोडपलं तेही सांगू नकोस, नाहीतर ती तुझीच समजूत काढत बसेल. तिने फोन उचलला नाही तर आवाजी मेसेज ठेव, एकच. त्यानंतर ती बोलेल किंवा बोलणार नाही. तो तिचा हक्क. तुझ्या बाजूचं काम तिथे पूर्ण झालेलं असेल.

ज्यांनी स्क्रीनशॉट फिरवला त्यांच्या मागे लागू नकोस. ते वागणं हलकं होतं, पण त्यांना जाब विचारलास तर विझलेलं पुन्हा पेटेल. 'सगळे अजून त्यावरच बोलत असतील' असं तुला रात्री वाटत असणार. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून माणसांनी भरलेल्या खोलीत जायला सांगितलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या तो लक्षात आला. आणि इथे तर महिना उलटून गेलाय. तुझी कमेंट आज सर्वांत जास्त वेळा वाचणारी व्यक्ती तूच आहेस.

रिव्ह्यू लिहिण्याचं काम: घेऊ नकोस. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. नोंदणी, अनामत, ट्रेनिंग, किट, कुठल्याही नावाने तो मागत असेल तरीही. या फसवणुकीची रीत ठरलेली आहे. सुरुवातीला दोन-चार सोप्या कामांचे पैसे खरोखर देतात, विश्वास बसावा म्हणून. मग मोठं काम, त्यासाठी आधी भरणा. मग अडकलेले पैसे सोडवायला आणखी भरणा. पडद्यावर तुझी कमाई वाढताना दिसते, हातात काही येत नाही. ओळखपत्राची प्रत, बँकेचा तपशील, ओटीपी यांतलं काही आधीच दिलं असशील तर आजच बँकेला कळव, आणि पैसे गेले असतील तर पोलिसांकडे तक्रार कर. लाजेने थांबू नकोस. अशा बाबतीत गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

अकाउंट्स सगळी बंद करू नकोस. बंद करणं म्हणजे खोलीचं दार लावण्याचाच आणखी एक प्रकार होईल. कामाचं प्रोफाइल ठेव आणि ते दिवसा, काम असेल तेव्हा उघड. जिथे नुसतं सरकवत बसायचं असतं, ती ॲप्स महिनाभर फोनवरून काढ. ज्यात पानाचा शेवटच येत नाही, ती सोय २००६ साली एझा रास्किन नावाच्या डिझायनरने बनवली, आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. पूर्वी पान संपायचं, तिथे हात थांबायचा आणि उठावंसं वाटायचं. ती जागाच काढून टाकली आहे. रात्री दोनपर्यंत तू बसतेस यात तुझ्या मनाच्या दुबळेपणापेक्षा त्या रचनेचा हात जास्त आहे. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेव, गजराला साधं घड्याळ घे.

मग त्या वेळात करायचं काय? ती वही घे, मागच्या बाजूने उघड आणि लिही. १९९४ सालचा एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. नोकरी गेलेल्या काही अनुभवी अभियंत्यांना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात असेल ते सगळं लिहायला सांगितलं: राग, अपमान, भीती, काहीही. दुसऱ्या गटाने नुसते दिवसाचे बेत लिहिले. आठ महिन्यांनी पाहिलं तर मनातलं लिहिणाऱ्यांमध्ये पुन्हा पूर्णवेळ नोकरी मिळालेल्यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं. गंमत म्हणजे त्यांनी जास्त अर्ज केले नव्हते, जास्त मुलाखतीही दिल्या नव्हत्या. संशोधकांचा अंदाज असा, की राग कागदावर उतरल्यामुळे मुलाखतीत तो समोरच्याला जाणवला नसावा. अभ्यास लहान आहे, त्यावरून मी तुला नोकरीची हमी देणार नाही. पण तुझी जळजळ एका कमेंटमधून बाहेर पडली. ती वहीत पडली असती तर कुणाला लागली नसती. पाच दिवस लिही. कुणाला दाखवू नकोस, शुद्धलेखन बघू नकोस.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. फोन बाजूला ठेवूनही दोन आठवडे झोप लागली नाही, भूक मेली, कशातच मन लागेना, असं झालं तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. पत्रातून मला ते ओळखता येणार नाही. आणि जगणंच नको, असा विचार एकदा जरी आला, तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांग. आईला सांगणं जड वाटलं तर दुसऱ्या कुणाला, पण सांग.

तू विचारलंस, 'माझ्यातच काही कमी आहे का?' यावर 'छे, मुळीच नाही' असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. तुला काही गोष्टी अजून येत नसतील. चौदा महिन्यांपूर्वी पदवी घेतलेल्या कुणालाच सगळं येत नसतं. पण नेमकं काय येत नाही, हे तुला १४८ गप्प कंपन्या सांगू शकत नाहीत. सीनियरबरोबरचा पंधरा मिनिटांचा फोन ते सांगू शकतो. ती म्हणेल, अमुक सॉफ्टवेअर शीक, किंवा अहवाल लिहायचा सराव कर, किंवा तुझा सीव्ही मला पाठव, मी बघते. मग त्या कमीला एक नाव मिळेल, आणि तिचं काय करायचं ते ठरवता येईल. म्हणून पुढचे दोन आठवडे नवे अर्ज पाचच कर, आणि त्याऐवजी त्या दहा नावांना लिही.

नाव अर्थातच छापलेलं नाही. तुझा विषय, गाव, ऑफिस यांच्या खुणा काढल्या आहेत, आणि मैत्रिणीच्या पोस्टखाली तू लिहिलेले शब्द थोडे बदलले आहेत. रोख तोच ठेवला आहे. तरीही तिने हे वाचलं तर तिला शंका येऊ शकेल. तुझी माफी तिला सदरात वाचून कळू नये, तुझ्या तोंडून कळावी. म्हणून हे उत्तर छापायच्या आठ दिवस आधी तुला मेलने पाठवतेय.